गाडी संथ आहे की आजारी? जुनी फियाट-अँबेसिडर हाती आलेल्या नवख्यांसाठी

गेल्या उन्हाळ्यात औशाहून भाच्याचा फोन आला. त्याच्या आजोबांची १९७४ची पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, बारा वर्षं लिंबाखाली उभी होती. नवी बॅटरी टाकून, कार्बोरेटर धुऊन त्यानं ती चालू केली होती. "मामा, गाडी चालू झाली, पण पळंना. साठच्या पुढं काटाच जाईना. ह्यात नव्या गाडीचं इंजिन बसतंय का?"

बसतं. वेल्डिंग मशीन आणि गॅस कटर असलेल्या कुठल्याही गॅरेजात कशातही काहीही बसतं. माझ्या वडिलांनी हे करून पाहिलंय. १९९०च्या दशकात डिझेल पेट्रोलपेक्षा फारच स्वस्त होतं, म्हणून त्यांनी पेट्रोलवरच्या अँबेसिडरमध्ये टेम्पोतून निघालेलं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गाडीचं नाक जड झालं, पुढचे टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) बसले, खड्ड्यातून जाताना मागच्या सीटवर बसलेल्यांचे दात वाजायचे आणि दर उन्हाळ्यात बीड यायच्या आत एकदा तरी पाणी उकळायचं. पुढं पासिंगची वेळ आली तेव्हा आरसी बुकात एक इंजिन नंबर आणि बोनेटखाली दुसराच. मूळ इंजिन मिस्त्री "ठेवून देतो" म्हणाला होता, ते कुठं गेलं हे त्यालाही आठवेना. गाडी शेवटी किलोच्या भावानं गेली.

म्हणून भाच्याला मी इंजिनाबद्दल काहीच बोललो नाही, फक्त कामांचा क्रम सांगितला. तोच इथं लिहितोय. उदाहरणं फियाट आणि अँबेसिडरची आहेत, कारण आपल्याकडच्या वाड्यांत, आडतीमागच्या शेडमध्ये आणि जुन्या दवाखान्यांच्या आवारात बहुतेक वेळा याच दोन सापडतात. हेराल्ड, काँटेसा किंवा जीप असली तरी क्रम बदलत नाही.

१. आधी कागद, मग बोनेट

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा नाहीत, ही नेहमीची गोष्ट. नियमाप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. आपण ते दहा-बारा वर्षांनी करतो, म्हणून दंड भरायची आणि बाकीच्या वारसांची संमती गोळा करायची तयारी ठेवा. चुलते-आत्या सह्या द्यायला तयार आहेत तोवर हे उरकून घ्या. गाडी रंगवून चकाचक झाली की सह्या महाग होतात.

मग चासी नंबर आणि इंजिन नंबर शोधा. रॉकेलच्या फडक्यानं तेलकट थर पुसा, कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या, आरसीशी ताडून बघा. नंबरावर पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश अजिबात फिरवू नका. खरवडलेला नंबर दिसला की तपासणाऱ्याच्या मनात खाडाखोडीची शंका येते आणि ती काढणं तुमच्या हातात राहत नाही.

दोन्ही नंबर जुळले, तर पन्नास वर्षं गाडीत तिचंच इंजिन टिकलंय. निर्णयाच्या तराजूत हे वजन सगळ्यात मोठं. इंजिन नंबर आधीच वेगळा निघाला, तर गोष्ट बदलते. त्याकडं पुढं येतो.

"पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच द्यावी लागते" असं छातीठोक सांगणारा एक जण प्रत्येक चहाच्या टपरीवर असतो. वयावरून सरसकट बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातली. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. फियाटच्या पाटीवर एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असतील, म्हणजे एमएच मालिका यायच्या आधीची नोंदणी, तर तो नंबर आहे तसा चालू राहतो. नवी हाय सिक्युरिटी पाटी बसवा आणि हातानं रंगवलेली जुनी पाटी घरात टांगून ठेवा.

२. नवी होती तेव्हा तरी किती पळायची?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून निघाली, १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबेसिडर १४८९ सीसी, पन्नासेक अश्वशक्ती आणि वजन अकराशेच्या पुढं. १९८४ची पहिली काँटेसा दिसायला केवढी ऐटबाज, पण तिच्या पोटातही अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. म्हणून ती सिग्नलवरून निघताना आळस देऊन उठल्यासारखी निघायची.

आता मारुती ८०० बघा. तिची ताकद पद्मिनीपेक्षा किंचित कमीच, पण वजन साडेसहाशे किलो. म्हणून ती चपळ वाटली आणि तिच्यापुढं या सगळ्या गाड्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

तरीही धडधाकट पद्मिनी सपाट रस्त्यावर सत्तर-ऐंशीनं कुरकुर न करता जाते. भाच्याची साठला अडकत होती. म्हणजे ती नुसती संथ नव्हती. आमच्या गावात चाळीस वर्षं फियाटच दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: "गाडी बुढी नै हुई साब, बीमार है. पैले बीमारी देखो."

३. आजार शोधा

यातली बरीचशी कामं घरच्या अंगणात होतात. इथं घाई करू नका, सगळा निर्णय इथंच होतो.

ब्रेक. आश्चर्य वाटेल, पण हळू गाडीचं पहिलं कारण इंजिनात नसतं, चाकात असतं. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला टाकून ढकला. एका माणसाच्या जोरानं हलली पाहिजे. मग ब्रेकला फारसा हात न लावता पाच किलोमीटर चालवा, थांबा, आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय. बारा वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गंजून अडकतो, हँडब्रेकची केबल आत आखडते, आणि रबरी ब्रेक पाइप आतून फुगून अरुंद होतो. मग पायाच्या जोरानं ऑइल पुढं जातं, पण परत येत नाही. वरून पाइप ठणठणीत दिसतो. रबरी पाइप वय बघून बदला, दिसणं बघून नको.

ॲक्सिलरेटर. एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही कार्बोरेटरच्या तोंडात बघा (इंजिन बंद ठेवून, हे वेगळं सांगायला लागू नये). झडप पूर्ण उभी झाली पाहिजे. दांड्यांची जोडणी झिजून ती अर्धीच उघडते आणि लोक अर्ध्या इंजिनावर गाडी चालवत "पळत नाही" म्हणत राहतात. चोक पूर्ण मागं जातो का, तेही बघा.

पॉइंट आणि टायमिंग. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी पत्ती. तिच्यातली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. त्याहून महत्त्वाची गोष्ट डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारही प्लगना वीज वाटणाऱ्या डबीच्या आत असते. इंजिन जोरात फिरायला लागलं की ठिणगी थोडी लवकर पडावी, यासाठी तिथं छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. जुनं ग्रीस वाळून दगड झालं की ती हलत नाहीत. मग गाडी उभ्यानं छान चालते आणि वेग मागितला की मरगळते. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढून तोंडानं ओढा. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत. नुसती हवा आली तर फाटलाय.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. गेज लावून चारही सिलिंडर मोजा आणि आकडे लिहून ठेवा. नुसता आकडा किती यापेक्षा चौघांत तफावत किती हे बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. ही चमच्याची परीक्षा करायच्या आधीच "बोअर करावं लागतंय" (सिलिंडर आतून कातून मोठा करणं) म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणा.

सायलेन्सर. लिंबाखाली उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, उंदीर कापूस भरतो. धूर बाहेर जाईना तर हवा आत येणार कुठून?

क्लच. चढावर तिसऱ्या गिअरात दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय, एवढं कळलं की पुरे.

पाणी. हा खास आपल्याकडचा आजार. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतल्यावर घरच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसाच पांढरा थर आत बसतो. परभणीत मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा असा रेडिएटर काय कामाचा? तो उघडून, रॉडिंग (नळ्यांत सळई घालून थर काढणं) करून घ्या, ब्लॉकमधला गाळही काढा. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही.

पेट्रोल. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. लातूर-धाराशिवचा ऊस फिरून फिरून आपल्याच कार्बोरेटरमध्ये येतो म्हणायचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, आणि जुना जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं बसवलेला, त्यामुळं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि गाडी आणखी ढिली वाटते. जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघायचा. फिकट पांढरा असेल तर अजून पातळ, विटकरी-तपकिरी हवा. जुनं रबर मात्र इथेनॉलमध्ये मऊ होऊन सुटतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदला. पाइपवर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असेल तो घ्या. ही हौसमौज नाही. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. डिकीत अग्निशामक ठेवा, आणि ठेवलाय कुठं ते शेजारी बसणाऱ्यालाही माहीत असू द्या.

४. घाटात नेऊन बघा

दुरुस्ती झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर गावातल्या गावात, शेतापर्यंत, बाजारापर्यंत चालवा. मग एका पहाटे घाट चढा. बीड-धाराशिवकडच्यांना मांजरसुंब्याचा घाट आहे, संभाजीनगरवाल्यांना दौलताबादवरून खुलताबादला जाणारा. कुठल्या वळणावर कुठला गिअर लागला, वर पोचल्यावर पाण्याचा काटा कुठं होता, हे वहीत लिहा. जुन्या फियाट-अँबेसिडरमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नसतो. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, किंचित रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून टाकावा लागतो. ही कला शिकायच्या आत "गिअरबॉक्स खराब आहे" असा निकाल देऊ नका.

चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ऑइलची लाइन एकच. ड्रम तापले की पाय कितीही दाबा, गाडी थांबायला नाराज असते. एखादा पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, हाती फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून घाटाच्या आधी हँडब्रेक तपासा.

दुपारी इंजिन खोकून बंद पडलं तर घाबरू नका. पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ होते, तिला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत थांबा. त्यापेक्षा सोपं म्हणजे एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत घरी या.

५. गाडी नेणार कुठं, ते खरं खरं ठरवा

आता कुठं बदलायचं की जपायचं हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे, कारण आता तुम्हाला ती गाडी माहीत झाली.

समृद्धी महामार्गावर १२०ची मर्यादा आहे आणि लोक ती मर्यादा कमीत कमी समजतात. तिथं सत्तरनं जाणारी, ड्रम ब्रेकची, मागचे दिवे मिणमिणते असलेली गाडी कोंबडीसारखी चिरडली जाईल. "समृद्धीवर चालावी म्हणून" इंजिन वाढवायचं असेल तर ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, पट्टे सगळं वाढवावं लागेल, आणि एवढं करून हाती लागेल ती तुमच्या दारात आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीपेक्षा वाईटच असेल. रविवारी शेतावर, लग्नात, दत्तजयंतीला, पाऊस पडून गेल्यावर म्हैसमाळला जायचं असेल तर चाळीस अश्वशक्ती भरपूर झाली. दौलताबाद किल्ल्याच्या वेशीतून रस्ता जातो तिथं तर सगळ्यांचाच वेग सारखा असतो.

६. बदलांचे तीन ढीग करा

पहिला ढीग बिनधास्त करायच्या बदलांचा. अट एकच: एका दिवसात उलटवता आले पाहिजेत आणि त्यासाठी नवं भोक पडता कामा नये. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे रात्री चौकात थांबल्यावर दिवे मंदावणार नाहीत. पण काही जुन्या इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, ते आधी बघा, नाहीतर नवा अल्टरनेटर पहिल्याच मिनिटात जळतो. हेडलाइटला रिले, रेडिएटरला विजेचा पंखा, त्याच मापाचे रेडियल टायर. सीट बेल्ट मात्र भोकं पाडूनही बसवा. पट्टा नुसत्या पत्र्यात अडकवू नका, खालून जाड प्लेट हवी. जपणुकीच्या नावाखाली माणसं मारायची नाहीत.

दुसरा ढीग विचार करून करायच्या गोष्टींचा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, ब्रेक बूस्टर, पाच गिअरचा बॉक्स, वेगळा रंग. डिस्कच्या बाजूनं मी आहे, फक्त स्टब ॲक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आस) कापावा न लागणारी जोडणी असेल तरच, आणि आरटीओत विचारून. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. पण रंग द्यायलाच हवा का? मूळ रंगावर दोन-चार ओरखडे असतील तर नुसतं पॉलिश करा. एकदा घासून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली की खालचा पत्रा कसा होता हे कुणालाच कळत नाही, पुढं गाडी घेणाऱ्यालाही नाही, आणि त्याच्या मनात पहिली शंका तीच येते. पत्रा कुजलाय का ते बघायला फ्रीजचं चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं खाली लांबी आहे.

तिसरा ढीग म्हणजे चासी किंवा बॉडी कापणं, छत उडवून ओपन करणं आणि परकं इंजिन. इंजिन दुप्पट ताकदीचं केलंत की क्लच, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, हाफ शाफ्ट, पाटे, ब्रेक सगळ्यांवर दुप्पट भार येतो. यांतला सगळ्यात कच्चा आधी तुटतो. तो बदलला की त्याच्या पुढचा. चार वर्षं गाडी गॅरेजातच राहते. असे अर्धवट राहिलेले सांगाडे मी इतके पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांचं एकच म्हणणं असतं की आता थोडंच काम राहिलंय.

७. कायद्याचं एवढं तरी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्यातून निघताना गाडी जशी नोंदली गेली, त्यात मनानं फरक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्या इंजिनाकडंच दाखवेल.

दुसरा नियम जपणाऱ्यांच्या कामाचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. १९७४ची पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीला पोचली, म्हणून भाचा लगेच पळत निघाला होता. मी थांबवलं. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. बाजाराला आणि शेतावर न्यायची असेल तर साधी नोंदणीच वाढवत राहा. पण एक लक्षात घ्या: आज इंजिन बदललंत तर तो दरवाजा कायमचा बंद होतो.

विम्याच्या जुन्या दरपत्रकात 'व्हिंटेज'चा अर्थ आणखी वेगळा, ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची गाडी. त्यामुळं आरटीओतला व्हिंटेज शब्द विमा एजंटापुढं वापरून सवलत मागू नका. जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. फोटो आणि बिलं घेऊन बसा, नाहीतर एजंट भंगाराची किंमत लिहून मोकळा होतो.

८. कधी खुशाल बदला

मी काही सोवळ्यातला माणूस नाही. इंजिन आधीच परकं निघालं, बॉडी दोनदा वेल्ड झालेली, आतली सीट-डॅशबोर्ड गेलेलं, आणि गाडी रोज वापरायची असेल, तर जपायचं काय? परवानगी काढून नीट बदला. १९९०च्या दशकातली एखादी साधी पद्मिनी असेल आणि तुमच्या हाताला बदलाचीच हौस असेल, तर तीही चालेल. बारशापासून एकाच घरात असलेली, मूळ रंगाची १९६६ची डिलाइट असेल तर मात्र हात लावायच्या आधी मला फोन करा, मी भांडायला येतो.

मधली एक वाट आहे, ती बऱ्याच जणांना सुचत नाही. कंपनीनं स्वतः काय केलं ते बघायचं. काँटेसा दीड लिटरवर दमते हे हिंदुस्तान मोटर्सलाही कळलं, आणि त्यांनी तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन दिलं, पुढं अँबेसिडरलाही. काँटेसात असा बदल करायचा असेल तर त्याच घराण्याचं इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स आणि माउंटिंग शोधा. मंजुरी तरीही लागते, पण गॅस कटर लागत नाही.

९. मिस्त्री निवडताना

त्याला "किती दिवसांत द्याल?" विचारू नका. "काढलेला माल कुठं ठेवता?" विचारा. उत्तर देताना तो कोपऱ्यातल्या ढिगाकडं बघायला लागला तर दुसरीकडं जा. वडिलांच्या अँबेसिडरवरून शिकलेला धडा म्हणजे काढलेला प्रत्येक भाग घरी आणायचा. तुटका सिलिंडरसुद्धा, लेथवाल्याला माप त्यावरूनच घेता येतं. पत्र्याचे डबे, चिठ्ठ्या, तारखा. उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो. आणि मिस्त्री फियाटवर वाढलेला हवा. संगणकाची वायर शोधणारा पोरगा हुशार असतो, पण वायर जोडायला जागाच नसलेली गाडी बघून तो पहिला सल्ला इंजिन बदलण्याचाच देतो. शक्य असेल तर दिवसभर तिथंच स्टूल टाकून बसा. चाचांकडं मी असाच बसतो. चहा माझा, गप्पा त्यांच्या.

भाच्याच्या पद्मिनीत शेवटी निघालं ते असं: मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर अडकलेला, डिस्ट्रिब्युटरची वजनं चिकटलेली, आणि सायलेन्सरमधून मूठभर माती. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं. खर्च बॅटरीपेक्षा थोडा जास्त झाला. श्रावणात तो औशाहून तुळजापूरला जाऊन आला, वाटेत काटा ऐंशीला लागल्याचा व्हिडिओ त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला (गाडी चालवत कोण व्हिडिओ काढतं म्हणून बहिणीनं त्याला झापलंही). इंजिनाचं नाव परत काढलं नाही. परवा फोन आला तो डॅशबोर्डवरच्या ॲश-ट्रेच्या झाकणासाठी. आजोबांच्या विडीच्या डागाचं मूळ झाकण हरवलंय, जुन्या बाजारात बघा म्हणाला.